झांप्यापाशी बसलेल्या शितोळेबेन

"चिटणीस, कांसेवरची कुत्री पाणी प्यायला येईनाशी झालीत."

शितोळेबेन हे मला स्टाफरूममध्ये म्हणाल्या तेव्हा मार्च महिना होता. परीक्षेचे पेपर काढायची घाई होती आणि माझं सगळं लक्ष हिंदीच्या अपठित उताऱ्यात होतं. मी मान वर न करता म्हटलं, "गाडी येऊन पकडून नेली असतील."

"कुत्री आहेत. झांप्याबाहेर सावलीत पडलेली असतात. पण खाली उतरत नाहीत. तहानलेली असतात, काठापर्यंत जातात आणि परत फिरतात." मग जरा थांबून, जणू स्वतःलाच सांगितल्यासारखं, "तीन आठवडे झाले."

मी "हं" म्हटलं आणि उतारा पुढे लिहायला घेतला. त्या "हं"ची मला पुढे पुष्कळ लाज वाटली.

आमची शाळा फतेगंजच्या मागच्या अंगाला. मागच्या भिंतीला लागूनच कांस आहे. कांस म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेऊन पोचवणारा मोठा उघडा नाला. बडोद्यात मराठी माणूसही त्याला कांसच म्हणतो. ती पुढे विश्वामित्रीला मिळते, आणि विश्वामित्रीत मगरी आहेत हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पुलावरून दिसतात. पावसाळ्यात कुणाच्या तरी सोसायटीत निघतात, पेपरात फोटो येतो, लोक चार दिवस बोलतात आणि विसरतात. आमच्या कांसेत मात्र मगर कधी कुणी पाहिलेली नव्हती. मांडीभर पाणी, त्यावर जलपर्णी आणि प्लास्टिकच्या पिशव्या. भिंतीत एक लोखंडी झांपा, म्हणजे फाटक, होतं. बाहेर पडलं की दहा पावलांवर काठ. आत आम्हा शिक्षकांच्या स्कूटी लावायची जागा आणि तिला लागून मुलांचं मैदान. आम्ही सगळ्या मागच्याच रस्त्याने यायचो, म्हणून झांपा दिवसभर सताड उघडा असे.

शितोळेबेन सहावी ते आठवीला विज्ञान शिकवत. नाव सुमन, पण गुजराती माध्यमाची शाळा. मुलं 'बेन' म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. उंच, हाडापेराने भक्कम बाई. अंगावर सुती साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीवर बूट पाहून नव्या शिक्षिका हसत. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "सापाला मॅचिंग कळत नाही." हातात वडिलांचं मोठ्या तबकडीचं घड्याळ. पर्स नव्हतीच, खादीची झोळी होती. तीत भिंग, सुतळीचं बंडल, लाकडी फूटपट्टी आणि चहाचं जुनं गाळणं. गाळण्याने त्या डासांच्या अळ्या पकडत. एकदा स्टाफरूममध्ये चहा गाळायला कुणाला काही सापडेना, तेव्हा त्यांनी ते गाळणं झोळीतून काढून पुढे केलं होतं. "धुतलंय," असंही म्हणाल्या होत्या. त्या दिवशी कुणी चहा प्यायला नाही.

राहायच्या छाणीला, भावाच्या घरी. खाली भावाचं लेथचं वर्कशॉप, वर घर. त्यांचे पणजोबा राजाच्या घोडदळात होते. आमचं घर दांडिया बाजारातलं, दफ्तरदारांचं. त्यावरून त्या मला नेहमी डिवचत. "तुमच्या घरात दौत, आमच्या घरात तलवार. आमची तलवार मोडीत गेली, तुमची दौत अजून चालते बघा."

वर्गात त्यांचा एकच प्रश्न असे. मुलगी म्हणाली, "बेन, बहु बधा बगला छे," की त्या विचारत, "बहु एटले केटला?" खूप म्हणजे किती? मुलगी पुन्हा खिडकीशी जाऊन मोजून येई. अकरा. "आता सांग." अकरा म्हटल्यावर त्या फळ्यावर लिहीत. 'खूप' त्यांनी कधी लिहिलं नाही. आणि 'गंदुं' हा शब्द त्यांच्या वर्गात बंद होता. घाण म्हणायचं नाही, काय आहे ते सांगायचं. शेवाळ, तेल, कुणाच्या तरी संडासाचं पाणी. नाव सांगायचं.

दर गुरुवारी त्या सातवीला कांसेवर नेत. सुतळीला धरून एका ओळीत मुलं, पुढे शितोळेबेन, मागे शिपाई चिमनभाई. काठापासून पाच पावलं अलीकडे सगळ्यांनी थांबायचं. मग एक मुलगा बांबूची काठी टाकून पाण्याची उंची सांगे, एक मुलगी पक्षी मोजे, दोघं चतुर मोजत, आणि सगळं एका जाड वहीत लिहिलं जाई. ती कांसेची वही. यंदाची सातवी आठवीत गेली की वही नव्या सातवीकडे. अशा सहा-सात वह्या त्यांच्या कपाटात होत्या. मी एकदा सहज चाळली. पहिल्या वहीत बेडूक होते, कासव होतं, पाणकोंबड्या होत्या. पुढच्या वह्यांत ती नावं तशीच होती, फक्त त्यांच्यापुढे शून्यं होती. मी म्हटलं, "नसेल तर नावच कशाला लिहिता?"

"नाव काढलं तर नसलेलं कळणार कसं?" त्या म्हणाल्या.

उत्क्रांतीचा धडा सातवीच्या पुस्तकात नव्हता. शितोळेबेन तो शिकवतच. पुढे जूनमध्ये एकदा माझा तास मोकळा होता म्हणून मी मैदानाच्या कडेला उभी राहून पाहिलं. त्यांनी हिरवळीच्या तुकड्यावर शंभर दाणे मूग आणि शंभर दाणे मसूर टाकले होते. मुलं कबुतरं झाली होती. शिट्टी वाजली की एका मिनिटात चिमटीने जेवढे दाणे दिसतील तेवढे उचलायचे. मसूर भराभर उचलली गेली, मूग गवतात लपून राहिले. उरलेल्या प्रत्येक दाण्यामागे एक तसाच दाणा आणखी टाकायचा, ही त्यांची पिलं. तीन वेळा झाल्यावर गवतात जवळजवळ सगळे मूगच. पोरं ओरडली, "मग होशियार! मग जीती गया!" मूग हुशार, मूग जिंकले.

शितोळेबेननी ते सगळं गोळा केलं, पुन्हा शंभर-शंभर मोजलं आणि त्याच मुलांना पलीकडच्या तांबड्या मातीवर नेलं. तिथे मूग उघडे पडले. दोन मिनिटांत संपले.

"कोण हुशार?" त्यांनी विचारलं. "दाणे तेच. कबुतरं तीच. मग बदललं काय?"

हेता नावाची एक मुलगी होती, दोन वेण्यांची, हळू बोलणारी. ती म्हणाली, "जग्या." जागा.

"हं. आणि जागा बदलताना मुगाला कुणी विचारलं होतं का?"

पोरं हसली. शितोळेबेन हसल्या नाहीत. त्या भिंतीपलीकडे बघत होत्या. तिथे कांसेच्या दुसऱ्या काठावर भराव पडत होता. कुणाची तरी मोठी फ्लॅटची स्कीम येत होती आणि कांस दर महिन्याला हात-दोन हात अरुंद होत होती.

कुत्र्यांची गोष्ट त्यांनी मला मार्चमध्ये सांगितली त्याच आठवड्यात त्या मला हाताला धरून झांप्याबाहेर घेऊन गेल्या. काठावरचा चिखल त्यांनी फूटपट्टीने दाखवला. पाण्यापासून वर, ताटाएवढ्या रुंदीचा एक गुळगुळीत पट्टा गेला होता, जणू कुणी भरलेलं पोतं ओढत नेलं होतं. "हे पोट आहे," त्या म्हणाल्या. मधोमध एक बारीक रेघ होती. "आणि ही शेपटी."

"मोठा उंदीर असेल. घूस."

"चिटणीस, या आठवड्यात बगळे या काठावर बसत नाहीयेत. सगळे पलीकडे आहेत. वहीत बघा."

त्या दिवसापासून त्यांनी मुलांना कांसेवर नेणं बंद केलं. पाण्याची उंची स्वतः गच्चीवरून दुर्बिणीने पाहू लागल्या. जंगलखात्याला फोन केला. दोन माणसं आली, त्यांनी काठ पाहिला, तासभर थांबली, काही दिसलं नाही. दिसली की लगेच कळवा, म्हणाली; तीही बिचारी आणखी काय करणार? मग शितोळेबेननी प्रिन्सिपल मॅडमना लेखी अर्ज दिला. झांपा बंद करावा. अर्जाच्या प्रतीवर त्यांनी मॅडमची सही मागून घेतली. मॅडमनी सही केली आणि हसत म्हणाल्या, "बेन, ॲडमिशनचे दिवस आहेत. मगर असं नाव तरी काढू नका. आणि झांपा बंद केला तर स्टाफच्या गाड्या कुठून येणार?"

तेव्हा स्टाफमधल्या कुणीही म्हटलं नाही, की आम्ही पुढून येऊ. पुढून यायचं म्हणजे मोठा वळसा होता. मीही म्हटलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी रिसेसची घंटा झाली आणि शितोळेबेन आपली खुर्ची उचलून झांप्याशी जाऊन बसल्या. दाराच्या बरोबर मधे, मुलांकडे पाठ, कांसेकडे तोंड. मांडीवर डबा. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही. मधल्या सुट्टीची पस्तीस मिनिटं आणि शाळा सुटल्यावर शेवटचं मूल पुढच्या दारातून जाईपर्यंत. चेंडू बाहेर गेला तर त्या स्वतः उठून, बांबूने पाण्याची कड चाचपून, मग चेंडू घेऊन येत. नव्या सातवीकडून पाच पावलांचा नियम त्यांनी मैदानावरच घोटून घेतला होता.

हसणं झालं. आधी मुलं, मग आम्ही. "बेन, मगर आव्यो के?" असं कुणीतरी येता-जाता विचारी. पहिले काही दिवस त्या "नाही अजून" म्हणत. नंतर उत्तर देणं सोडलं. पाऊस सुरू झाला तेव्हा छत्री घेऊन बसू लागल्या. मला आठवतं, एकदा भर पावसात मी स्कूटी काढत होते. कांस फुगून तांबडी झाली होती. जलपर्णीचे पुंजके वाहत जात होते. त्यातला एक पुंजका मात्र जागच्या जागी होता. मी म्हटलं, "तिथे काहीतरी अडकलंय वाटतं."

"मी वीस मिनिटं तेच बघतेय," शितोळेबेन म्हणाल्या. "तुम्ही निघा. पोरांना घेऊन या बाजूला कुणी येऊ नका म्हणावं."

मी निघाले. आरशातून मागे पाहिलं तर छत्री हलत नव्हती. आणि तो पुंजकाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हेताचे वडील जयेशभाई शाळेत तक्रार घेऊन आले. सभ्य माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. हेताने घरी देव्हाऱ्यासमोर सांगितलं होतं, की बेडकाच्या पुढच्या पायात आणि आपल्या हातात हाडं एकाच हिशेबाने बसवलेली आहेत, म्हणजे फार फार मागे बेडूक आपला नातेवाईक लागतो. आजी जेवली नाही. जयेशभाईंचं म्हणणं, हे पुस्तकात नाही तर शिकवायचं कशाला?

मॅडमनी मीटिंग रिसेसमध्ये ठेवली. मला मिनिट्स लिहायला बोलावलं. माझं अक्षर चांगलं आहे म्हणून ही कामं नेहमी माझ्याकडे येतात.

शितोळेबेन दारातच म्हणाल्या, "मॅडम, रिसेसमध्ये मी झांप्याशी असते. तासाच्या वेळी ठेवा, मी मुलांना काम देऊन येते."

"एका दिवसाने काय होतं? चिमनभाईला बसवते तुमच्या जागी." मॅडमनी माझ्यादेखत घंटा वाजवली आणि चिमनभाईंना झांप्याशी बसायला सांगितलं. शितोळेबेन त्यांच्यामागे व्हरांड्यापर्यंत गेल्या. मला ऐकू आलं. "चिमनभाई, खुर्चीतून उठायचं नाही. काहीही झालं तरी काठाकडे जायचं नाही."

"ना रे बेन, शुं काम जाउं?" चिमनभाई म्हणाले. कशाला जाईन?

चिमनभाई अठ्ठावीस वर्षं आमच्या शाळेत होते. मुलांच्या डब्यातल्या उरलेल्या पोळ्या गोळा करून ते कुत्र्यांना घालायचे. झांप्याबाहेरच्या प्रत्येक कुत्र्याला त्यांनी नाव दिलं होतं.

मीटिंग शांतपणे चालली होती. जयेशभाई म्हणत होते, "आज बेडूक म्हणाल, उद्या देव खोटा म्हणाल." शितोळेबेन म्हणत होत्या, "मी देवाचं नाव घेतलेलं नाही, भाई. मी हाडं दाखवली. तुमचा हात पुढे करा, तुम्हालाही दाखवते." जयेशभाईंनी खरंच हात अर्धवट पुढे केला होता. त्या बोलत होत्या, पण नजर वडिलांच्या घड्याळावर होती. बारा मिनिटं झाली. पंधरा झाली.

मैदानावरचा गलका अचानक थांबला.

शाळेत राहिलेल्या कुणालाही विचारा, दोनशे मुलं एकदम गप्प उगीच होत नाहीत. शितोळेबेन उठल्या तेव्हा खुर्ची मागे पडली. मग पहिली किंकाळी ऐकू आली. आम्ही धावलो. जयेशभाई माझ्या पुढे होते.

कुत्रीचं एक पिलू काठाच्या चिखलात रुतून केकाटत होतं. चिमनभाई त्याला घ्यायला उतरले होते. आम्ही पोचलो तेव्हा ते चिखलात पालथे पडलेले होते, एका हाताने बाभळीचं मूळ धरलेलं, आणि दुसरा हात कोपरापर्यंत पाण्यात. पाण्यात नव्हे. मला ते समजायला वेळ लागला, कारण तिचा रंग पाण्याचाच होता.

झांप्यात मुलांची गर्दी झाली होती, पण एकही मूल बाहेर गेलेलं नव्हतं. सातवीची मुलं पुढे उभी राहून, हात पसरून बाकीच्यांना मागे रेटत होती. त्यात हेता होती. "पांच पगलां! पांच पगलां पाछळ!" ती ओरडत होती. पाच पावलं मागे. एरवी जिचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नसे, ती.

शितोळेबेन गर्दीतून बाहेर पडल्या, वळल्या आणि झांपा ओढून बाहेरून कडी घातली. आता मुलं आत, त्या बाहेर. मीही आत. जयेशभाई मात्र त्यांच्या आधीच बाहेर गेले होते. त्यांनी चिमनभाईंचे पाय धरले. शितोळेबेननी काठावरचा मोजणीचा बांबू उचलला आणि त्या मगरीच्या डोळ्यांवर, नाकाडावर मारत राहिल्या. ओरडल्या नाहीत. फक्त मारत राहिल्या, एकसारख्या. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मग पाणी एकदम उसळलं आणि चिमनभाई सुटले.

चिमनभाई वाचले. उजवा हात कोपराखाली गेला. त्याच संध्याकाळी जंगलखात्याची माणसं आणि प्राणी सोडवणाऱ्या संस्थेतली मुलं आली, दोर टाकून मगर धरली आणि पिंजऱ्यात घालून घेऊन गेली. रस्त्यावर ही गर्दी. लोक दगड मारायला निघाले होते. शितोळेबेन चिखलाने भरलेल्या साडीत पिंजऱ्यासमोर उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "बस करा. आधी यायचं होतं सगळ्यांनी."

चार दिवसांनी शाळा उघडली. सातवीत गुरुवारचा तास होता. हेताने विचारलं, "बेन, मगर खराब होती का?"

"भुकेली होती."

"मग वहीत काय लिहायचं?"

शितोळेबेननी त्यांना लिहायला सांगितलं. तारीख, पाण्याची उंची, बगळे शून्य, कुत्री चार, मगर एक, माणूस एक. सगळं एकाखाली एक. एका मुलाच्या आईला ते फार लागलं. माणूस आणि मगर एका यादीत? तीही तक्रार आली. जयेशभाईंनी आपली तक्रार मागे घेतली नव्हती. ते रोज दवाखान्यात चिमनभाईंना भेटायला जात, डबा नेत, शितोळेबेन दिसल्या की हात जोडत. पण तक्रार तशीच ठेवली. "बेन, तुमचे उपकार आहेत," असं त्यांनी माझ्यासमोर त्यांना सांगितलं, "पण बेडकाची गोष्ट मला पटलेली नाही." शितोळेबेन म्हणाल्या, "ठीक आहे भाई. खोटं पटलं म्हणू नका." मला वाटतं, त्या सगळ्या दिवसांत त्यांना फक्त याच माणसाचा राग आला नाही.

नंतर चौकशी झाली. ट्रस्टींनी एक निवेदन तयार करायचं ठरवलं. झांपा बंद ठेवण्याची तोंडी सूचना सर्वांना होती, शिपायाने ती मोडून झांपा उघडला आणि तो आपल्या मर्जीने काठावर गेला. म्हणजे चूक चिमनभाईंची, नोकरीही चिमनभाईंची जाणार. मॅडमनी शितोळेबेनना बोलावून समजावलं. सही करा, जयेशभाईंची तक्रार आम्ही दाबून टाकतो, तुमची निवृत्ती शांतपणे होईल.

शितोळेबेन म्हणाल्या, "मॅडम, त्याला खुर्चीत तुम्ही बसवलंत. आणि त्या खुर्चीत मी बसायला हवं होतं, मी उठले. चूक लिहायची तर आपल्या दोघींची लिहा. मी सही करते."

ते निवेदन मी लिहिलं होतं. मला सांगितलं आणि मी लिहिलं. माझा मुलगा बारावीला होता, नवऱ्याची नोकरी नुकतीच सुटलेली होती. कारणं खरी आहेत, पण ती कारणंच आहेत. खाली साक्षीदार म्हणून माझीच पहिली सही होती. शितोळेबेननी तो कागद उचलून वाचला, परत टेबलावर ठेवला.

"अक्षर सुंदर आहे तुमचं, चिटणीस," म्हणाल्या.

टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या.

त्याच दुपारी त्या दवाखान्यात गेल्या. मीही मागोमाग गेले. का गेले ते मला आजही नीट सांगता येत नाही. चिमनभाई पडून होते. शितोळेबेनना पाहून त्यांचे डोळे भरून आले. "बेन, तमे तो कह्युं हतुं." तुम्ही तर सांगितलं होतं.

"सांगून काय होतं, चिमनभाई," त्या म्हणाल्या. "कुलूप लावायला हवं होतं. मी अर्ज देत बसले. भावाचं वर्कशॉप आहे माझ्या, एक साखळी आणून लावली असती तर कोण मला फासावर देणार होतं?" मग त्यांनी झोळीतून ती मॅडमच्या सहीची प्रत काढली आणि चिमनभाईंच्या बायकोच्या हातात दिली. "हे कुणाला देऊ नका. नुसतं दाखवा."

तो कागद चिमनभाईंच्या बायकोने ट्रस्टींना दाखवला असणार, कारण निवेदन कुठे गेलं ते कुणालाच कळलं नाही, आणि दिवाळीनंतर चिमनभाई एका हाताने शाळेची घंटा द्यायला परत आले. शितोळेबेन मात्र नव्हत्या. त्यांनी राजीनामा दिला होता. तब्येतीचं कारण होतं. त्यांची तब्येत आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली होती.

त्या गेल्यावर विज्ञानाला एक नवी मुलगी आली. चांगली आहे, पुस्तकातलं सगळं वेळेवर संपवते. कांसेच्या वह्या रद्दीत जाणार होत्या. हेताने आणि दोघा-तिघींनी त्या वाटून घरी नेल्या, असं मागाहून कळलं. आणि कांसेचा प्रश्न शाळेने कायमचा सोडवला. पलीकडची स्कीम आणि शाळा मिळून कांसेवर स्लॅब टाकला. मैदान दुप्पट झालं. बास्केटबॉलचे खांब आले. उद्घाटनाला पेढे वाटले. आता कांस दिसतच नाही. पालक म्हणतात, फार सुरक्षित झालं.

यंदा जूनच्या सुरुवातीला शितोळेबेन शाळेत आल्या होत्या, निवृत्तीच्या कागदांवर एक सही राहिली होती म्हणून. मी ऑफिसातून बाहेर पडले तर त्या नव्या मैदानाच्या मधोमध उभ्या. केस आणखी पांढरे झालेले. पायातले बूट त्यांनी काढून हातात धरले होते आणि तापलेल्या स्लॅबवर अनवाणी उभ्या होत्या, मान जरा कलती, एखादं दार वाजल्याची चाहूल घ्यावी तशा. मी जवळ गेले. बोलायचं पुष्कळ होतं. माफी मागायची होती. मी वर्षभर शब्द जुळवत होते.

"कशा आहात?" एवढंच मी म्हटलं.

"खाली पाणी आहे," त्या म्हणाल्या. "पायाला लागतंय. अजून पाऊस नाही, तरी एवढं. पाणी जायला खालून नळा केवढा घातलाय, माहीत आहे तुम्हाला?"

"नाही."

"विचारलंत कुणाला?"

"नाही."

त्या मान हलवून खाली बसल्या, बूट घातले, नाड्या सावकाश बांधल्या. मग उठून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"चिटणीस, या पावसाळ्यात मुलांना तळमजल्यावर बसवू नका."

"बेन, तुम्हाला खात्री आहे?"

"नाही. मगरीचीही नव्हती."

रिक्षा पुढच्या दाराशी थांबवून ठेवली होती. त्या मैदान तुडवत गेल्या, वाटेत एकदाही मागे वळल्या नाहीत. रिक्षा गेली. चिमनभाईंनी डाव्या हाताने घंटा दिली. माझा पाचवा तास सहावीवर होता. मी वर्गात गेले. तळमजल्यावरचा शेवटचा वर्ग, खिडकी मैदानाकडची. बावन्न मुलं उठून उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "नमस्ते, बेन."

मी त्यांना बसा म्हणायचं विसरले.